पार्श्वभूमी : बाळाचं वजन आणि आईची झोप

नैराश्याचा धोका बालपणी कसा रुजतो, या विषयावर पीएचडीनंतरचं संशोधन (पोस्टडॉक) करायला कोकणातली एखादी मुलगी आज निघाली, तर तिच्या पाठीशी जवळपास ऐंशी वर्षांचं काम आहे. त्यातला एक मोलाचा भाग गोव्यात, म्हापशात झाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात झाली ती आईपासून तुटलेल्या तान्ह्या मुलांपासून. संस्थेत आई दुरावली की बाळं आधी रडतात, मग गप्प होतात, वजन घटतं. आई काही महिन्यांत परत मिळाली तर सावरतात, असं मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४६ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात हा धागा पुढे नेला. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनमधल्या बायकांचा अभ्यास मांडला. अकरा वर्षांची होण्याआधी आई गमावणं, पदरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नसणं आणि मनातलं बोलायला जवळचं माणूस नसणं, अशा गोष्टींमुळे संकटाच्या वेळी नैराश्य गाठतं, असं त्यांना दिसलं. हे वाचताना मला चाकरमान्यांची गावाकडची घरं आठवतात. नवरा मुंबईला गिरणीत, महिन्याला मनीऑर्डर, आणि सासूसासरे, पोरं, भातशेती एकट्या बाईच्या गळ्यात. तिचं ऐकायला कोण होतं?

२००३ मध्ये एका जनुकावर सगळा भर आला: त्याचा ठरावीक प्रकार अंगात असला की संकटात नैराश्य लवकर गाठतं, असा दावा होता. पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही.

त्याच सुमारास मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशात गरोदर बायकांपासून सुरुवात केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि पदरात मुलगी येणं, ही कारणं पुढे आली. २००३ मध्ये दुसरी बाजू प्रसिद्ध झाली: अशा आयांच्या बाळांचं वजन आणि लांबी सहाव्या महिन्यात कमी भरत होती, बौद्धिक वाढही मागे होती. स्पिट्झ यांच्या बाळांची आई दूर होती. इथे ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या मते या विषयात याहून महत्त्वाचं पाऊल आपल्या किनाऱ्यावर पडलेलं नाही.

अडचण अशी की पोस्टडॉकची फेलोशिप दोन-तीन वर्षांची, आणि मूल वयात यायला पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या नोंदींवरच काम उभं राहतं. अंगणवाडीत बाळाचं वजन दर महिन्याला कार्डावर चढतं. वजन घसरलं की ताई विचारतात, "दूध पाजतेस ना? वरचं काय देतेस?" आई म्हणते, "अंग मोडून येतं, झोप लागत नाही, टेन्शन आहे." त्या उत्तराला कार्डावर रकाना नाही. तो आज घातला, तर पंधरा वर्षांनी या मुलांचा अभ्यास करणाऱ्याच्या हातात आईची बाजूही असेल.