उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री: आबांच्या कारकिर्दीतला नेहमीचा घोळ

‘आबा उपमुख्यमंत्री होते, म्हणून डान्सबार बंद करू शकले.’ आर. आर. ऊर्फ आबा पाटलांचा विषय निघाला की हे कुणीतरी म्हणतंच. साफ चूक आहे.

घोळ होतो तो पद आणि खातं यांत. गृह हे खातं आहे. राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने खातेवाटप करतात आणि ज्याला गृह मिळतं, त्या मंत्र्याकडे पोलिस दलाचा कारभार येतो. उपमुख्यमंत्रिपदासोबत आपोआप एकही खातं येत नाही. घटनेच्या कलम १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि इतर मंत्री, एवढेच आहेत. उपमुख्यमंत्री हा शेवटी मंत्रीच, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

आबांची कारकीर्द बघा. २००३ च्या अखेरीस ते गृहमंत्री झाले, तेव्हा उपमुख्यमंत्री होते विजयसिंह मोहिते-पाटील. २००४ च्या निवडणुकीनंतर दोन्ही पदं आबांकडे आली आणि लोकांच्या डोक्यात ती कायमची चिकटली. २००८ च्या २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी दोन माणसं आली: उपमुख्यमंत्री छगन भुजबळ, गृहमंत्री जयंत पाटील. पद एकच असतं तर हे झालंच नसतं. २००९ मध्ये आबा परतले ते फक्त गृहमंत्री म्हणून. उपमुख्यमंत्री आधी भुजबळ, मग अजित पवार. तरी पोलिस खातं आबांच्याच हाती होतं.

२००५ ची डान्सबार बंदी मुंबई पोलिस कायद्यात दुरुस्ती करून आली, म्हणजे विषय गृह खात्याचा. २००७ ची तंटामुक्त गाव मोहीमही गृह खात्याचीच.

उपमुख्यमंत्रिपदाला राजकीय वजन नक्की असतं. १९७८ मध्ये फुटलेल्या काँग्रेसच्या दोन पक्षांच्या आघाडीत नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ते दुसऱ्या पक्षाचा मान राखण्यासाठी. पण मान म्हणजे अधिकार नव्हे. म्हणून ‘उपमुख्यमंत्र्यांनी पोलिसांना आदेश दिले’ अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, गृह खातं कुणाकडे आहे?

आणि आबांच्या नावाचा फलक लिहायचा झाला, तर त्यावर पहिलं पद मी ग्रामविकासमंत्री हेच लिहीन. गावोगाव लोकांच्या हाती झाडू देणारं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यांच्याकडे ना गृह होतं, ना उपमुख्यमंत्रिपद.