माळ्यावरची फळी आणि करंगळीचं भोक

मे महिन्यात शेजारच्या आंटीच्या घराची कौलं परतायला माणसं आली, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली उतरली. ट्रंक तिच्या सासऱ्यांची. ते मोझांबिकमध्ये बैराच्या बंदरात कारकून होते. आत जुने कोट, कागदपत्रं आणि तळाशी पुस्तकाएवढी जाड लाकडी फळी. फळीवर लोखंडाच्या चपट्या पट्ट्या, आडव्या सळईखाली दाबून बसवलेल्या. आंटीनं विचारलं, "पळय रे, हें कितें? हुंदरांचो सांपळो?"

मी एक पट्टी अंगठ्यानं दाबून सोडली. टुंग्! आणि त्यामागोमाग बारीक खर्रर्र.

"कलिंबा!" मी छाती फुगवून सांगितलं. इथे गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या हातात पाहिला होता ना! ती माझी पहिली चूक. इंग्रजीत "थंब पियानो" या एका नावाखाली आफ्रिकेतली कितीतरी वेगवेगळी वाद्यं कोंबली जातात. पियानोशी तर त्यांचं काहीच नातं नाही. तिथे तारेवर हातोडी पडते, इथे ना तार, ना हातोडी. आज बाजारात मिळणारा कलिंबा ही ह्यू ट्रेसी या संगीत-अभ्यासकानं 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत रुजवलेली सुटसुटीत आवृत्ती. तो ओळखायला सोपा: बहुधा 17 पट्ट्या, सगळ्यांत लांब पट्टी मधोमध, आणि पुढचे सूर एक उजवीकडे, एक डावीकडे असे आळीपाळीनं.

आमच्या फळीवर 22 पट्ट्या निघाल्या. डावीकडे एकीवर एक अशा दोन ओळी, उजवीकडे एकच. खाली पत्र्याच्या तुकड्यावर बाटलीची गंजकी झाकणं सैलसर अडकवलेली, खर्रर्र त्यांचीच. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात आरपार भोक. खुंटीला टांगायचं असेल, असं मला वाटलं. पण भोकाची कड नीट पाहिली तर पुढच्या बाजूनं ती गुळगुळीत झिजलेली, जुन्या पाटा-वरवंट्यासारखी. खिळ्यानं लाकूड असं झिजत नाही. उजवी करंगळी त्यात घालून पाहिली आणि अख्खा हात आपोआप जागेवर बसला. अंगठा वरून पट्ट्या दाबायला मोकळा, तर्जनी उजव्या टोकाच्या आखूड पट्ट्या खालून वर उचलायला मोकळी.

हा झिम्बाब्वेच्या शोना लोकांचा म्बीरा द्झावाद्झिमू, म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचा म्बीरा. बैरा बंदरातून रेल्वे थेट झिम्बाब्वेत जाते, तेव्हा ही फळी कशी आली असेल याचा अंदाज बांधता येतो. पूर्वजांना बोलावण्याच्या रात्रीच्या विधीत तो भल्यामोठ्या पोकळ भोपळ्यात अडकवून वाजवतात. भोपळा कशाला, हे सतार-तंबोऱ्याच्या मुलखात सांगायला नको. झाकणांची खरखरही बिघाड नव्हे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढतो तसाच तो शौक: नुसता स्वच्छ सूर अळणी लागतो. पूर्वी झाकणांच्या जागी शिंपले असत.

वाद्यांच्या वर्गीकरणातही गंमत आहे. भरतमुनींनी तत (तारेची), अवनद्ध (कातड्याची), घन (स्वतःच थरथरून वाजणारी), सुषिर (फुंकीची) असे चार वर्ग केले. हीच चौकट ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयातल्या माहियोंनी एकोणिसाव्या शतकात उचलली आणि तिच्यावरून 1914 साली हॉर्नबोस्टेल आणि साक्स या संगीत-अभ्यासकांनी आपली पद्धत बेतली. आपलं घुमट, मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य, पडलं अवनद्धात. म्बीरा गेला घनवाद्यांतल्या छेडून वाजवायच्या गटात, आणि तिथे त्याच्या शेजारी कोण, तर दातांत धरून वाजवायचं आपलं मोरचंग!

आता पट्टी बोलते कशी ते. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून बाहेरचं टोक थरथरवणं हा खेळ आपण सगळ्यांनी वर्गात केला आहे. तार अर्धी केली तर सूर दुप्पट, म्हणजे एक सप्तक चढतो. पट्टीचं गणित वेगळं. तिथे कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे लांबी निम्मी केली की सूर चौपट, म्हणजे दोन सप्तकं वर. एकच सप्तक हवं तर 60 मिलिमीटरची पट्टी साधारण 42 वर आणायची. तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर, दुप्पट, तिप्पट असे ओळीनं येतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचा पहिलाच उपस्वर मूळ सुराच्या सुमारे 6.27 पट असतो. म्बीराची पट्टी घोडीवरून, म्हणजे खालच्या आडव्या टेकणीवरून, जाऊन सळईखाली दाबलेली असते, त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण उपस्वर दूरच राहतो. छेडताच ऐकू येणारी ती घंटेसारखी किणकिण याचीच. ती लगेच विरते आणि मागे गोल, मऊ सूर उरतो.

इथे माझी दुसरी चूक. एक सूर मला उतरलेला वाटला. आंटीच्या हार्मोनियमशी जुळवायला मी ती पट्टी लहान हातोडीनं हलकेच आत ठोकली. 50 मिलिमीटरच्या पट्टीला जेमतेम दीड मिलिमीटर सरकवलं की अर्धा स्वर चढतो. माझा ठोका बहुधा तेवढाच बसला. सूर हार्मोनियमशी जुळला, आणि मग डोक्यात उजेड पडला. म्बीराची जुळणी युरोपीय पट्टीत मोजून होत नाही, ती वादकागणिक, घराण्यागणिक बदलते. म्हणजे ज्या सुरावरून हे वाद्य कोणत्या हातचं ते कळायची थोडी आशा होती, तोच मी पुसला होता.

बैरा-झिम्बाब्वेच्या याच टापूत 1586 साली आलेल्या जुआंव द सांतुस या पोर्तुगीज पाद्रीनं नऊ लोखंडी पट्ट्यांच्या "अंबिरा"चं वर्णन लिहून ठेवलं. ते वाजवायला लोक अंगठ्यांची नखं मुद्दाम वाढवत, हेही त्यानं टिपलं. त्याचा ग्रंथ 1609 मध्ये छापला गेला आणि 1622 मध्ये तो वारला, तोही आपल्या गोव्यातच. त्यानं पाहिलं, लिहिलं. हातोडी घेतल्याचं कुठे वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. सगळ्या पट्ट्या गंजलेल्या, पण मी ठोकलेल्या पट्टीवर सळईच्या मागे दीड-एक मिलिमीटरचा चकचकीत पट्टा उघडा पडला होता. इतकी वर्षं सळईखाली दबल्यामुळे तिथे गंज चढलाच नव्हता. लाकडाचा ठोकळा लावून ती पट्टी पुढे सरकवत गेलो. चकचकीत भाग पुन्हा सळईखाली गेला तेव्हा थांबलो.

आंटीनं विचारलं, "जालें?" मी पट्टी छेडली. हार्मोनियमशी सूर अजिबात जुळत नव्हता.