कर्करोगजनक औद्योगिक रसायनांचे मूल्यमापन

कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा तिथे तयार होणाऱ्या रसायनामुळे माणसाला कर्करोग होतो का, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवण्याची पद्धत. संशयित रसायन माणसांना मुद्दाम देऊन पाहता येत नाही. त्यामुळे माणसांबद्दलचा पुरावा हाती येतो तो बहुधा कोणीतरी आजारी पडल्यावरच. त्याआधी मिळतो तो प्राण्यांवरचा किंवा पेशींवरचा, आणि तो माणसाला कितपत लागू पडतो यावर वाद होतात.

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे १८९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांना फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. त्यांनी बोट ठेवले ते या रंगाचा कच्चा माल असलेल्या अ‍ॅनिलीनवर. रंगधंद्यातले मुख्य गुन्हेगार मात्र २-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन हे निघाले. विल्हेल्म ह्यूपर यांनी १९३८ मध्ये २-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात कर्करोग घडवून दाखवला, आणि ब्रिटनमधील रंगकामगारांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली ती १९५४ मध्ये. पहिल्या शंकेपासून इथपर्यंत जवळजवळ साठ वर्षे गेली.

व्हिनिल क्लोराइडच्या बाबतीत मात्र निकाल झटपट लागला. हा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा कच्चा माल. इटलीतील बोलोन्यात संशोधक चेझारे माल्तोनी यांना या वायूमुळे उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा कर्करोग दिसला होता; १९७४ च्या सुरुवातीला अमेरिकेतील लुइव्हिल येथील कारखान्याच्या कामगारांतही तोच कर्करोग असल्याचे जाहीर झाले. हा आजार इतका दुर्मीळ, की एकाच कारखान्यातले मोजके रुग्णही पुरेसे बोलके ठरले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे तसे नाही. तो एरवीही पुष्कळांना होतो. त्यात धूम्रपानाचा वाटा किती आणि कामाच्या जागेचा किती, हे वेगळे काढण्यासाठी हजारो कामगारांच्या नोंदी अनेक वर्षे तपासाव्या लागतात.

या नोंदीही क्वचितच धड असतात. कोणाच्या श्वासात किती रसायन गेले हे बहुतेक वेळा मोजलेलेच नसते. हुद्द्यावरून किंवा खात्यावरून अंदाज बांधावा लागतो. संपर्क आणि आजार यांत वीस-तीस वर्षांचे अंतर पडू शकते, तोवर कामगार निवृत्त झालेला असतो. शिवाय नोकरीला लागतात ती मुळात बऱ्यापैकी धडधाकट माणसे. त्यांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी केली की कारखाना आहे त्याहून निरुपद्रवी भासतो.

प्राण्यांवरील नेहमीच्या चाचणीत रॅट व माऊस या दोन जातींच्या उंदरांना सुमारे दोन वर्षे रसायन दिले जाते. प्रत्येक मात्रेसाठी साधारण ५० नर आणि ५० माद्या. हजारात एकाला होणारा आजार पन्नास प्राण्यांत दिसण्याची शक्यता नगण्य, म्हणून मात्रा मोठी ठेवतात. ‘इतके कोण खाते?’ हा आक्षेप त्यामुळे नेहमीचाच. तो घेणाऱ्यांनी हे गणित लक्षात घेतलेले नसते. आक्षेपाला खरा आधार असतो तो वेगळ्याच ठिकाणी. संत्र्या-लिंबाच्या सालीतील लिमोनीनमुळे नर रॅटच्या मूत्रपिंडात गाठी होतात, पण त्या ज्या प्रथिनाच्या वाटेने होतात ती वाट माणसाच्या शरीरात नाही.

म्हणूनच रसायन पेशीत नेमके काय करते याला अलीकडे वजन आले आहे. १९७० च्या दशकात ब्रूस एम्स यांनी साल्मोनेला जिवाणूंवर जनुकबदल तपासण्याची स्वस्त चाचणी रूढ केली. निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइडबाबत माणसांवरील पुरावा मर्यादित असतानाही १९९४ मध्ये पेशींतील बदलांच्या बळावर ते कर्करोगजनक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सर्वांत वरच्या गटात गेले.

हे गट ठरवते ती फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. जागतिक आरोग्य संघटनेची ही शाखा १९६५ मध्ये स्थापन झाली. गट १ म्हणजे माणसात निश्चित कर्करोगजनक. २अ म्हणजे बहुधा, २ब म्हणजे कदाचित, आणि ३ म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. बातम्यांमध्ये हमखास गल्लत होते ती इथे. गट पुराव्याचा पक्केपणा सांगतो, रसायनाची मारकशक्ती नव्हे. गट १ मधील दोन पदार्थांच्या धोक्यात प्रचंड फरक असू शकतो. किती संपर्काने किती जणांना आजार होईल हा हिशेब वेगळा, आणि तो करून मर्यादा घालणे हे त्या त्या देशातील नियामकांचे काम. ग्लायफोसेट या तणनाशकाला २०१५ मध्ये संस्थेने २अ मध्ये टाकले, तर त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यापासून कर्करोगाचा संभव कमी असल्याचे सांगितले. एकाने केवळ जाहीर उपलब्ध अभ्यास पाहिले. दुसऱ्याने उत्पादकांनी सादर केलेले अप्रकाशित अहवालही धरले.

पूर्वी गट ४ सुद्धा होता : ‘माणसात बहुधा कर्करोगजनक नाही’. त्यात वर्षानुवर्षे नायलॉनचा कच्चा माल कॅप्रोलॅक्टम हे एकच नाव होते. २०१९ मध्ये तो गट रद्द झाला आणि कॅप्रोलॅक्टमची रवानगी गट ३ मध्ये झाली.