व्होटिंग रिसीव्हर : हौशी रेडिओ रिपीटरसाठी जोडणी

एकाच फ्रिक्वेन्सीवर निरनिराळ्या ठिकाणी ऐकणारे अनेक रिसीव्हर आणि त्यांच्यापैकी त्या क्षणी सर्वांत स्वच्छ ऐकणाऱ्याचा आवाज निवडून रिपीटरच्या ट्रान्समीटरकडे पाठवणारा व्होटर, अशी ही रचना असते. (रिपीटर म्हणजे दुबळा सिग्नल ऐकून तोच जास्त शक्तीने पुन्हा प्रसारित करणारे केंद्र.) ट्रान्समीटर एकच राहतो. वाढतात ते फक्त कान.

गरज शक्तीच्या तफावतीतून निर्माण होते. डोंगरावरचा रिपीटर ५० वॅटने बोलतो, तर हातातला सेट ५ वॅटने, म्हणजे दहापट, १० डीबीचा (डेसिबल) फरक. आखूड रबरी अँटेनाला उगाच दोष दिला जातो. तिचे नुकसान ऐकताना आणि बोलताना सारखेच असते. तफावतीत खरी भर पडते ती माथ्यावरच्या गोंगाटाची : शेजारचे मोबाइल टॉवर, एफएम प्रसारण, स्विचिंग पॉवर सप्लाय. परिणामी वापरणाऱ्याला रिपीटर खणखणीत ऐकू येतो, पण रिपीटरला तो ऐकू येत नाही. अशा वेळी ट्रान्समीटरची शक्ती वाढवणे म्हणजे दुखणे वाढवणे.

नाशिकमध्ये हे चटकन दिसते. शहराच्या नैर्ऋत्येला पांडवलेणीच्या बाजूच्या उंचीवर रिपीटर धरला, तर सातपूर, अंबड आणि मोकळे रस्ते आवाक्यात येतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्या आणि गोदावरीच्या पात्रालगतचे रामकुंड मात्र आडोशाला पडतात. त्र्यंबकेश्वर तेथून हवाई अंतराने जेमतेम २३ किमी, पण ते ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, अंजनेरीच्या आड. सिंहस्थात (मागचा २०१५, पुढचा २०२७) गर्दी नेमकी रामकुंडावर आणि कुशावर्तावर होते. हातातल्या सेटवरून बोलायची वेळही तिथेच येते. त्यामुळे पहिले दोन दूरस्थ रिसीव्हर पंचवटी आणि त्र्यंबक येथे, तिसरा नाशिकरोडला, अशी मांडणी योग्य ठरते.

निवड कशी होते

व्होटर सिग्नलची ताकद मोजत नाही, आवाजातला खरखराट मोजतो. एफएम रिसीव्हरमध्ये सिग्नल वाढला की डिस्क्रिमिनेटरवरचा (एफएम सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा भाग), बोलण्याच्या पट्ट्याच्या वरचा (साधारण ३ किलोहर्ट्‌झपुढचा) गोंगाट कमी होतो. त्यावरून दर्जा ठरतो. म्हणून ऑडिओ डिस्क्रिमिनेटरवरूनच घ्यावा लागतो. स्पीकरच्या तारेवर हा गोंगाट फिल्टर होऊन गेलेला असतो, आणि मग सगळेच रिसीव्हर सारखेच शहाणे दिसतात.

जुन्या ॲनालॉग पद्धतीत रिसीव्हर रिकामा असताना व्होटरकडे जाणाऱ्या लिंकवर १९५० हर्ट्‌झचा अखंड टोन पाठवतो (काही उत्पादकांच्या यंत्रणेत २१७५ हर्ट्‌झ). सिग्नल आला की टोन थांबतो आणि तो रिसीव्हर उमेदवार ठरतो. लिंकच तुटली तर टोन नाही आणि आवाजही नाही. अशी मुकी लाइन सर्वांत स्वच्छ वाटून निवडून येऊ नये म्हणून टोन फार काळ गायब असेल तर ती लाइन बाद करणारी सोय व्होटरमध्ये लागते.

आज सोपी पडते ती आयपीवरची पद्धत. जिम डिक्सन यांनी ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरसाठी तयार केलेल्या रिपीटर सॉफ्टवेअरमध्ये व्होटर प्रोटोकॉल आहे आणि त्यासाठी आरटीसीएम नावाचे छोटे कार्ड आहे. कार्ड सेकंदाला ८००० नमुने घेते, दर २० मिलिसेकंदांनी १६० नमुन्यांचे पॅकेट करते आणि ० ते २५५ असा दर्जाचा आकडा जोडून यूडीपी पोर्ट १६६७ वर पाठवते. हेडर धरून प्रत्येक रिसीव्हरमागे ८५–९० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पॅकेटवरची वेळ जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सवरून ठरते. इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीवर भागत नाही : दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचेच अंतर असते, आणि वेळ सरकली की निवड बदलताना शब्दाचा तुकडा गळतो किंवा दोनदा ऐकू येतो.

उभारणी

प्रत्येक जागी लागते ते असे : दोन मीटर बँडचा (भारतात १४४–१४६ मेगाहर्ट्‌झ) एफएम रिसीव्हर, अँटेना, कॅव्हिटी फिल्टर (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा डबा), कार्ड, जीपीएस अँटेना, राउटर, १२ व्होल्टची बॅटरी व चार्जर. रिसीव्हर ०.४, कार्ड ०.२ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झचा लिंक-रेडिओ ०.४ अँपिअर धरला तर एकूण १ अँपिअर. २४ तास वीज नसताना २४ अँपिअर-तास जातात; लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल तर किमान ४८ अँपिअर-तासांची हवी.

दूरस्थ जागी ट्रान्समीटर नसल्याने डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणे-बोलणे वेगळे ठेवणारा फिल्टर) लागत नाही. पण रिपीटर ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीपासून अवघ्या ६०० किलोहर्ट्‌झ अंतरावर बोलत असतो. पंचवटीसारख्या जवळच्या जागी त्याच्याच फ्रिक्वेन्सीला लावलेली नॉच कॅव्हिटी (तेवढीच फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) टाळू नये.

नाशिकरोडची जागा डोंगरावरून दिसत असेल तर ५.८ गिगाहर्ट्‌झची थेट लिंक सर्वांत भरवशाची. त्र्यंबकला ती चालत नाही, मध्ये डोंगर आहे; तिथे स्थानिक फायबर आणि व्हीपीएन. कार्ड स्वतःच सर्व्हरला हाक मारते, त्यामुळे त्या बाजूला स्थिर आयपी पत्ता लागत नाही. सर्व्हरचा बफर (पॅकेटची वाट पाहण्याचा वेळ) मात्र सर्वांत सुस्त लिंकच्या उशिरापेक्षा मोठा हवा. पिंगचा सरासरी आकडा पाहून बफर ठरवणे ही नेहमीची चूक. संध्याकाळी सात ते दहाच्या वेळातला सर्वांत वाईट आकडा पाहावा. बफर कमी पडला तर उशिरा आलेली पॅकेट टाकून दिली जातात आणि उत्तम ऐकणारा रिसीव्हर विनाकारण हरतो. रिपीटर व लिंक दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्यात बसते का, विशेषतः इंटरनेटचा टप्पा, हे आधीच विचारून घ्यावे.

जुळवणी

सगळा खेळ इथे आहे. आधी अँटेना काढून प्रत्येक कार्डचे गोंगाट-कॅलिब्रेशन करावे. मग सिग्नल जनरेटरवरून १ किलोहर्ट्‌झ टोन, ३ किलोहर्ट्‌झ डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सीचे सरकणे) देऊन सर्व रिसीव्हरांची ऑडिओ पातळी अर्ध्या डीबीच्या आत आणावी. डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले उंच स्वर पुन्हा उतरवणे) एकाच ठिकाणी, शक्यतो सर्व्हरवर. रिसीव्हर एकाच मॉडेलचे घ्यावेत : एकात १२.५ आणि दुसऱ्यात २५ किलोहर्ट्‌झ चॅनेलचा आयएफ फिल्टर (रिसीव्हरची ऐकण्याची रुंदी ठरवणारा) असेल तर दोघांचा गोंगाट वेगळा मोजला जातो आणि मतदानच खोटे पडते. चालत्या गाडीतल्या माणसाचा आवाज मध्येच जाड, मध्येच पातळ होत असेल तर दोष बहुधा पातळीचा किंवा डी-एम्फसिसचा असतो. निवड सतत इकडून तिकडे उडत असेल तर हिस्टेरिसिस (निवड बदलण्यासाठी लागणारा किमान फरक) वाढवावा.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे मुका कॅरियर, म्हणजे आवाज नसलेली नुसती रेडिओ लहर. एखाद्या चार्जरचा किंवा एलईडी दिव्याचा भटका सिग्नल एका रिसीव्हरवर बसला, की त्याला खरखराट शून्य. तोच निवडून येतो आणि सगळ्यांचे बोलणे गिळतो. म्हणून प्रत्येक रिसीव्हरवर सीटीसीएसएस टोन (बोलण्याच्या खाली अखंड चालणारा ओळखीचा सूर) सक्तीचा ठेवावा आणि कोणताही रिसीव्हर दुरून बंद करता यावा.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला पहिला बळी जीपीएस अँटेनाच्या कनेक्टरचा जातो. आत पाणी शिरले की पल्स जाते आणि तो रिसीव्हर मतदानातून बाद होतो. आवाज वाईट न होता फक्त आवाका घटतो, त्यामुळे आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही. जीपीएस तुटल्याचा इशारा लॉगमधून फोनवर येईल अशी सोय करावी. माकडे अँटेनाची कोॲक्स कुरतडतात, तिथे केबल जीआय पाइपातूनच न्यावी.

शेवटची चाचणी पायी : ५ वॅटचा सेट कमरेला लावून द्वारका चौक ते रामकुंड आणि पुढे पंचवटीच्या गल्ल्यांतून बोलत जायचे, दुसऱ्याने सर्व्हरवर कोणता रिसीव्हर जिंकतो ते वेळेसह टिपायचे. पंचवटीचा रिसीव्हर रामकुंडावरही जिंकत नसेल, तर तिथली अँटेना, फीडर (अँटेनाची केबल) आणि नॉच कॅव्हिटी याच क्रमाने तपासावी.