दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: अंतर वाढले, वेळ घटला

भारतातून अमेरिकेला नियमित विमानसेवा 1960 मध्ये मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला सुरू झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारा प्रवासी मात्र त्यानंतरही अनेक दशके वाटेत कुठेतरी थांबूनच जात राहिला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाचे विनाथांबा विमान सुरू झाले ते थेट डिसेंबर 2015 मध्ये. ते आधी युरोप आणि अटलांटिकवरून जाई. वारा समोरून असल्यामुळे सुमारे 13,900 किलोमीटरला जवळपास 16 तास लागत.

16 ऑक्टोबर 2016 रोजी हेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून नेण्यात आले. या वाटेने सुमारे 15,300 किलोमीटर पडले, पण पाठचा वारा मिळाल्याने ते साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचले. दिल्लीतून रविवारी पहाटे निघालेले विमान वाररेषा ओलांडताना शनिवारात शिरले आणि उतरले ते पुन्हा रविवारी सकाळी, साडेसहाच्या सुमारास. हा फायदा पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून झाला, असे तेव्हा सर्रास लिहिले गेले. ते अर्धेच खरे होते. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. तिच्या फिरण्याचा हात आहे तो उंचावरच्या वाऱ्यांना पूर्वेकडची दिशा मिळण्यात, आणि वेळ वाचवला तो त्या वाऱ्यांनी.

खरा वाद झाला तो ‘जगातील सर्वांत लांब विनाथांबा सेवा’ या दाव्यावरून. तोवर हा मान सुमारे 14,200 किलोमीटरच्या दुबई–ऑकलंड सेवेकडे होता. परंतु तो आकडा दोन विमानतळांमधल्या, पृथ्वीच्या गोलावर मोजलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचा, म्हणजे बृहद्वृत्तावरचा होता, तर 15,300 हा आकडा विमानाने प्रत्यक्ष कापलेल्या वाटेचा. पहिल्या मापाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को जेमतेम 12,400 किलोमीटर भरते. दाव्यातला आकडा खोटा नव्हता, पण एकाला ताणलेल्या दोरीने आणि दुसऱ्याला वळणावळणाच्या रस्त्याने मोजून केलेली तुलना ग्राह्य धरता येत नाही. मुद्दाम वळसा घालून विक्रम होत असेल, तर तो कोणालाही करता येईल.

ती जवळची वाट विमाने जशीच्या तशी का धरत नाहीत, याचे पहिले उत्तर हिमालय आणि तिबेटचे पठार हे आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला साधारण 3,000 मीटरपर्यंत खाली यावे लागते आणि पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरहून अधिक आहे. दुसरे उत्तर राजकीय आहे, आणि अलीकडे तेच वरचढ ठरले आहे. फेब्रुवारी 2019 पासून काही महिने पाकिस्तानची हवाई हद्द बंद राहिली. ती उघडल्यानंतर त्याच वर्षी 15 ऑगस्टला दिल्लीचे विमान उत्तर ध्रुवावरून गेले. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियावरची वाट बंद झाली, भारतीय विमानांना ती खुलीच राहिली. जून 2023 मध्ये इंजिनातील बिघाडामुळे याच मार्गावरचे विमान रशियातील मगदान येथे उतरवावे लागले आणि प्रवाशांना आणण्यासाठी दुसरे विमान तेथे धाडावे लागले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हद्द पुन्हा बंद झाली, तेव्हा भारतातून उत्तर अमेरिकेकडे जाणारी काही ‘विनाथांबा’ विमाने इंधन भरण्यासाठी वाटेत थांबू लागली.