‘टू बिट्स’: अमेरिकी पाव डॉलरचं स्पॅनिश मूळ

अमेरिकेत पाव डॉलरला, म्हणजे २५ सेंटना, बोलीत ‘टू बिट्स’ म्हणतात. पन्नास सेंट झाले की ‘फोर बिट्स’, पंचाहत्तर झाले की ‘सिक्स बिट्स’. या हिशेबाने एक बिट साडेबारा सेंटचा होतो, आणि साडेबारा सेंटचं नाणं अमेरिकेच्या टांकसाळीने कधीही पाडलं नाही. जे नाणं नव्हतंच त्याच्या पटीत लोक मोजू लागले, याचं कारण स्पेनच्या चांदीत आहे.

१५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. तिथल्या मूळ रहिवाशांना खाणीत सक्तीने राबवून ती उपसली गेली. तिच्यातून आणि मेक्सिकोच्या चांदीतून पडलेलं आठ रेआलचं (रेआल हे स्पेनचं जुनं चलन) नाणं जगभर चाललं. युरोपी कंपन्यांच्या जहाजांतून ते सुरतेलाही उतरे आणि मुघल टांकसाळीत वितळून त्याचे रुपये होत. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत तर इंग्लंडची नाणी कायमच अपुरी पडत. त्यामुळे हाच ‘स्पॅनिश डॉलर’ तिथलं रोजचं चलन झाला. सुट्ट्यांची अडचण आली की लोक तो छिन्नीने तोडत. आठवा तुकडा म्हणजे एक रेआल, म्हणजेच एक बिट. पाव तुकडा म्हणजे दोन बिट. अर्थात प्रत्येक बिट तोडलेला नसे. एक आणि दोन रेआलची अखंड नाणीही भरपूर फिरत होती.

अमेरिकी डॉलर मुळापासून अमेरिकीच आहे, असं मानणाऱ्यांनी १७९२ चा नाणे कायदा जरूर पाहावा. नव्या डॉलरचं मूल्य त्यात चलनात असलेल्या स्पॅनिश डॉलरइतकंच ठरवलेलं आहे. त्या कायद्याने डॉलरचे शंभर सेंट केले, पण बाजारातले लोक आठांतच मोजत राहिले. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं पुढे कित्येक वर्षं सुटलं नाही, तसंच हे. पश्चिमेकडच्या राज्यांत एका बिटाची वस्तू घेताना दहा सेंटचं नाणं दिलं तर तो ‘शॉर्ट बिट’. पाव डॉलर देऊन दहा सेंट परत मिळाले, तर पंधरा सेंटला पडलेला तो ‘लाँग बिट’. दुकानदाराचा कल कुठे असेल, हे सांगायला नकोच. अखेर २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने परकीय नाण्यांची कायदेशीर मान्यता गेली आणि सरकारी खिडकीवर स्पॅनिश बिट साडेबाराऐवजी दहाच सेंटना घेतला जाऊ लागला.

नाणं गेलं, तरी शब्दाला नवे अर्थ फुटत राहिले. भुरट्या गुंडाला किंवा सुमार वकिलाला ‘टू-बिट’ म्हणून हिणवतात. मला हा अर्थ अन्यायाचा वाटतो, कारण एके काळी पाव डॉलर ही कष्टकऱ्याच्या खिशातली चांगली रक्कम होती. चर्चेत न विचारता आपलं मत मांडणाराही ‘हे माझे टू बिट्स’ म्हणतो. दाढी-कटिंगचा दर सांगणारी सात ठोक्यांची एक चाल दारावर टकटक करताना वाजते. त्यातले शेवटचे दोन ठोके म्हणजे ‘टू बिट्स’. व्हिएतनाममध्ये कैद झालेले अमेरिकी सैनिक पलीकडच्या कोठडीतला माणूस आपलाच आहे का, हे याच चालीवर ओळखत. भिंतीवर पहिले पाच ठोके द्यायचे आणि उरलेल्या दोनांची वाट पाहायची.

खेळाच्या मैदानावर ‘टू बिट्स, फोर बिट्स, सिक्स बिट्स, अ डॉलर’ ही आरोळी घुमते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत जॉर्ज एडमंडसन यांनी पिवळा शर्ट घालून, शिट्टी फुंकत १९४९ पासून २००८ पर्यंत ती प्रेक्षकांकडून म्हणवून घेतली. लोक त्यांना ‘मिस्टर टू बिट्स’ म्हणूनच ओळखत.

सर्वांत चिवट खूण मात्र न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात राहिली. तिथे भाव डॉलरच्या आठव्या हिश्शांत बोलले जात, म्हणजे भाव हलायचा तो बहुधा एका बिटाने. १९९७ मध्ये सोळावे हिस्से आले आणि २००१ मध्ये व्यवहार सेंटवर गेले. तोवर स्पॅनिश नाण्याची कायदेशीर मान्यता जाऊन एकशे चव्वेचाळीस वर्षं लोटली होती.