थ्रीव्ह किल्ला

थ्रीव्ह किल्ला : स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातील गॅलोवे प्रदेशात, डी नदीच्या पात्रातील बेटावर असलेले मध्ययुगीन टॉवर हाउसचे (मनोऱ्याच्या रूपातील तटबंद निवासस्थानाचे) अवशेष. कासल डग्लस हे गाव येथून जवळ आहे. बेटावर याआधीही गॅलोवेच्या सरदारांचे ठाणे असावे, असे मानले जाते. १३६९ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या डेव्हिड राजाने आर्चिबाल्ड डग्लस यास गॅलोवेची सरदारकी दिली, त्यानंतर लवकरच त्याने हा मनोरा उभारला असावा. आर्चिबाल्ड पुढे डग्लसचा तिसरा अर्ल (उच्च दर्जाचा सरदार) झाला व १४०० च्या नाताळाच्या सुमारास येथेच वारला.

मनोरा पाच मजली असून त्याच्या भिंती सुमारे तीन मीटर जाड आहेत. तळमजल्यावर कोठार, विहीर व अंधारकोठडी, त्यावर स्वयंपाकघर, मग दिवाणखाना व निजायच्या खोल्या अशी रचना होती. माथ्याजवळ भिंतीच्या बाहेरील अंगास चौकोनी भोकांच्या रांगा आहेत. वेढ्याच्या वेळी बाहेर काढावयाच्या लाकडी सज्जाच्या तुळया त्यांत बसवीत. १९७४–७८ च्या उत्खननात मनोऱ्यालगत इतर मोठ्या इमारतींचे पाये सापडले. त्यामुळे एकाकी उभा मनोरा हे आजचे दृश्य मूळचे नव्हे.

मनोऱ्याभोवतीच्या तटाचा काळ हा अभ्यासकांच्या मतभेदाचा मुख्य विषय होय. या तटाला कोपऱ्यांवर तीन गोल बुरूज होते. त्यांपैकी एकच आज धडपणे उभा आहे. बुरुजात बंदुकांसाठी डंबेलच्या आकाराची मारगिरीची भोके असून मधल्या तटात उभ्या, अरुंद जंग्या आहेत. अशी तोफखान्याची जाण असलेले बांधकाम स्कॉटलंडमध्ये इतक्या लवकर झाले असेल, हे पूर्वी पटत नसे. म्हणून ते १४५५ मध्ये राजाने किल्ल्याला घातलेल्या वेढ्यानंतरचे, काहींच्या मते तर १५१३ च्या इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईनंतरचे ठरवले जाई. मात्र उत्खननात मिळालेल्या ओक लाकडांच्या वर्षवलयांवरून ते १४४७ च्या आसपासचे असल्याचे दिसते. बेटावरील जुन्या इमारती याच वेळी पाडून त्यांचा दगड तटासाठी वापरला असावा. हा पुरावा लाकडाचा असल्याने शैलीवरून केलेल्या अनुमानांपेक्षा तो अधिक भरवशाचा वाटतो. तसे असल्यास, राजाच्या तोफा येण्यापूर्वीच डग्लस घराणे त्यांना तोंड देण्याची तयारी करीत होते, असे म्हणावे लागते.

तयारीला कारणही होते. १४४० मध्ये डग्लसचा सहावा अर्ल व त्याचा भाऊ यांना एडिंबरो किल्ल्यात ठार करण्यात आले. १४५२ मध्ये खुद्द दुसऱ्या जेम्स राजाने आठव्या अर्लला स्टर्लिंग येथे भोसकले. १४५५ मध्ये राजाने डग्लसांची इतर ठाणी घेऊन थ्रीव्हला वेढा घातला. नववा अर्ल तेव्हा इंग्लंडच्या आश्रयास होता. इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीने किल्ल्याच्या मदतीसाठी १०० पौंड दिले होते. राजाने थोरली तोफ आणवली, तरी शिबंदी शरण आली ती बहुधा पैसा व बक्षिसी मिळाल्याने. शाही हिशेबातील नोंदी तसेच सुचवतात.

ही तोफ म्हणजे मॉन्स मेग नावाची प्रसिद्ध तोफ व ती येथल्याच लोहाराने घडवली, अशी दंतकथा या भागात प्रिय आहे. परंतु मॉन्स मेग आजच्या बेल्जियममधील मॉन्स शहरात १४४९ मध्ये तयार झाली आणि बर्गंडीच्या ड्यूकने ती १४५७ मध्ये जेम्सला पाठवली, म्हणजे वेढ्यानंतर दोन वर्षांनी. कथा मनोहर असली, तरी कालक्रम तिच्या विरुद्ध जातो. दारावर पुढे आलेल्या दगडी ठोकळ्याला लोक ‘फाशीचा खुंट’ म्हणतात. त्याचा तसा उपयोग झाल्याच्या कथेलाही परंपरेपलीकडे आधार दिसत नाही.

पुढे किल्ला राजाकडे राहिला. १५२६ पासून मॅक्सवेल घराणे त्याचे वंशपरंपरागत किल्लेदार होते. १६४० मध्ये कॉव्हेनंटर पक्षाने (राजाच्या धर्मविषयक धोरणाला विरोध करणाऱ्या स्कॉटिश पक्षाने) त्याला वेढा घातला. राजनिष्ठ शिबंदीने सुमारे तेरा आठवडे तो लढवला. त्यानंतर किल्ला निकामी करण्यात आला. नेपोलियनच्या युद्धकाळात तेथे फ्रेंच कैदी ठेवले असल्याचे सांगतात. १९१३ मध्ये तो सरकारच्या देखरेखीखाली आला. पाहणाऱ्यांना बेटावर होडीने जावे लागते.